बर्फाखालचा पाणबुड्या आणि वरचा दोर : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात, गोठलेल्या तलावावरचा बर्फ फुटून पाण्यात पडलेल्या माणसाला काठावरून किंवा बर्फावरून कसे बाहेर काढावे, याची माहिती दिली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख पुढच्या आणि अधिक अवघड टप्प्याकडे आहे : माणूस बर्फाखाली दिसेनासा झाला तर बचावपथकाचे पाणबुडे खाली कसे उतरतात, आणि ते स्वतः सुखरूप परत येतील याची काळजी कशी घेतली जाते? सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : एका बातमीच्या चित्रफितीत मी पाहिले की बर्फाखाली एकच पाणबुड्या उतरला होता, पण वर सात-आठ माणसे उभी होती आणि त्यांची तयारी चालू असताना काही मिनिटे निघून गेली. कोणी बुडत असताना इतक्या माणसांची आणि इतक्या तयारीची गरज असते का? आधी एकाने उडी मारावी आणि बाकीच्यांनी मागून यावे, असे का करत नाहीत?

आपल्या प्रश्नामागची तळमळ समजते, कारण काठावर उभ्या असलेल्या नातेवाइकांच्या मनातही नेमके हेच असते. तरीही उत्तर स्पष्ट द्यायला हवे : वरची माणसे पुरी नसतील तर खाली कोणीही उतरत नाही, आणि हा नियम मोडल्याची किंमत अनेकदा दुसऱ्या जिवाने मोजावी लागली आहे.

उघड्या पाण्यात अडचणीत आलेल्या पाणबुड्याला निदान एक वाट नेहमी मोकळी असते, ती म्हणजे सरळ वर येण्याची. बर्फाखाली ती वाट बंद असते. डोक्यावर सलग छत असते आणि त्याला बाहेर पडायला एकच दार असते, ते म्हणजे ज्या भोकातून तो खाली गेला ते भोक. बचावकार्यातले पाणी बहुधा गढूळ असते, तळाचा गाळ पायाच्या एका फटकाऱ्याने उठतो, आणि मग दोन मीटर अंतरावरचे भोकही दिसत नाही. अशा वेळी त्या दाराशी त्याला जोडून ठेवणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे दोर; आणि दोराचे दुसरे टोक ज्याच्या हातात असते, तो साथीदार पाणबुड्याइतकाच त्या बुडीचा भाग असतो. पथकातली माणसे त्याला टेंडर म्हणतात. पाणबुड्या कोणत्या दिशेला आणि किती मीटरवर आहे, किती मिनिटे झाली, दोर सैल आहे की ताणलेला, याची नोंद तो ठेवतो. शोधाची दिशाही तोच ठरवतो, कारण गढुळात काही दिसत नसलेल्या पाणबुड्यापेक्षा वर उभ्या असलेल्या माणसाला नकाशा जास्त स्पष्ट दिसत असतो. दोर धरण्याचे काम नवख्याला देता येते असा काहींचा समज आहे. माझे मत याच्या नेमके उलट आहे. पथकातला सर्वांत शांत आणि अनुभवी माणूस दोरावर असावा.

त्याच्या शेजारी राखीव पाणबुड्या बसलेला असतो. त्याने सगळा पोशाख चढवलेला असतो, सिलिंडर पाठीवर असते, दोर अडकवलेला असतो, फक्त मास्क लावून पाण्यात शिरणे बाकी असते. त्याच्यासाठी वेगळा टेंडर असतो, कारण एक माणूस दोन दोर सांभाळू शकत नाही. या चौघांखेरीज संपूर्ण कामाची सूत्रे हातात असलेला प्रमुख असतो, आणि त्याने स्वतः कोणत्याही दोराला हात लावायचा नसतो. बाकीचे लोक बर्फ कापणे, साहित्य ओढणे, प्रत्यक्षदर्शींशी बोलणे आणि वैद्यकीय मदत ही कामे पाहतात. आपण पाहिलेल्या सात-आठ माणसांत एकही जादा नव्हता.

राहिला वेळेचा प्रश्न. सराव असलेले पथक ही तयारी वाहनातून येतानाच सुरू करते, आणि प्रत्यक्ष स्थळी फार मिनिटे जात नाहीत. त्याच अवधीत एक जण प्रत्यक्षदर्शीला जागेवरून न हलवता त्याच्याकडून बुडणारा शेवटचा कुठे दिसला ते नेमके विचारून घेतो. शक्य असल्यास दोन वेगवेगळ्या जागी उभ्या असलेल्या साक्षीदारांच्या नजरेच्या रेषा जुळवल्या जातात. स्थिर पाण्यात बुडालेला माणूस जवळजवळ सरळ खाली जातो, आणि पाणी जितके खोल तितक्या त्रिज्येच्या वर्तुळात तो बहुधा सापडतो, हा शोधपथकांचा कामापुरता आडाखा आहे. म्हणजे जागा नीट ठरवण्यात घालवलेली दोन मिनिटे खाली शोधताना अनेक पटींनी परत मिळतात.

प्रश्न : आता पाण्याखाली बोलता येण्याजोगी संपर्कयंत्रे मिळतात. मग दोराच्या झटक्यांनी खुणा करण्याची जुनी पद्धत का शिकवतात?

संपूर्ण चेहरा झाकणाऱ्या मास्कमध्ये बसवलेली बोलण्याची यंत्रणा फार उपयोगी आहे, आणि ज्या पथकाला ती परवडते त्याने ती जरूर वापरावी. असा मास्क चेहऱ्याला गारठ्यापासून वाचवतो, आणि पाणबुड्याची शुद्ध हरपली तरी तोंडातून श्वासाची नळी सुटून पडत नाही. परंतु बॅटरी थंडीत लवकर उतरते, तार तुटू शकते, आणि श्वासाच्या आवाजात शब्द बुडून जातात. दोर मात्र आधीपासून तिथेच असतो.

सर्वत्र शिकवल्या जाणाऱ्या पद्धतींपैकी एका पद्धतीत पाणबुड्याकडून आलेल्या एका झटक्याचा अर्थ ‘मी ठीक आहे’, दोन झटके म्हणजे ‘आणखी दोर द्या’, तीन म्हणजे ‘सैल दोर ओढून घ्या’, आणि चार किंवा अधिक म्हणजे ‘संकट आहे, मला बाहेर ओढा’. वेगवेगळ्या पथकांच्या खुणा वेगळ्या असतात, म्हणूनच दोन पथके एकत्र काम करणार असतील तर पाण्यात उतरण्याआधी खुणा मोठ्याने बोलून जुळवून घ्याव्यात. टेंडरने ठरलेल्या अंतराने खूण करून उत्तर मागायचे असते; उत्तर आले नाही तर पुन्हा एकदा खूण करायची आणि तरीही उत्तर आले नाही तर ते संकटच मानायचे. ‘कदाचित त्याचे हात कामात असतील’ असा विचार करून वाट पाहणे ही टेंडरच्या हातून होणारी सर्वांत घातक चूक होय. दोर सदैव किंचित ताणलेला असावा लागतो तोही याच कारणाने. सैल दोरातून झटका पोहोचत नाही, शिवाय तो तळाशी बुडालेल्या फांद्यांत गुरफटतो.

दोर अंगाला कुठे बांधावा, हेही काहींनी विचारले आहे. तो तरंगत्या जाकिटाच्या कडीला कधीही अडकवू नये, कारण अडचणीत ते जाकीट उतरवावे लागू शकते आणि मग त्याच्याबरोबर दोरही जातो. दोरासाठी जाकिटाच्या आत, थेट ड्रायसूटवर (अंग कोरडे ठेवणाऱ्या पोशाखावर), वेगळा हार्नेस, म्हणजे पट्ट्यांचा साज, घातलेला असतो आणि दोर त्याला कुलूप लागणाऱ्या कॅराबिनरने, म्हणजे धातूच्या कडीने, जोडलेला असतो. दोराचे वरचे टोक टेंडरच्या हातात असले तरी ते बर्फात रोवलेल्या स्क्रूला किंवा तशाच भक्कम आधारालाही बांधलेले असते. पाण्यात असताना पाणबुड्याने कोणत्याही कारणासाठी दोर सोडायचा नसतो, अगदी बुडालेल्या व्यक्तीला धरण्यासाठीही नाही.

प्रश्न : आणि तरीही दोर तुटला किंवा सुटला तर?

हा प्रश्न सर्वांत जास्त पत्रांत आहे, म्हणून त्याला जरा सविस्तर उत्तर देतो.

दोर सुटल्याचे लक्षात आल्यावर पाणबुड्याची पहिली ऊर्मी भोक शोधत पोहत सुटण्याची असते. प्रशिक्षणाचा मोठा भाग ही ऊर्मी दाबण्यासाठीच खर्च होतो. दिशा हरवलेला माणूस गढुळात सरळ रेषेत पोहत नाही. तो भोकापासून दूर जाण्याची शक्यता जवळ येण्यापेक्षा कितीतरी जास्त असते, आणि हवाही झपाट्याने संपते. म्हणून त्याने आधी थांबावे, आजूबाजूला हाताच्या अंतरात दोर लागतो का हे पाहावे, आणि लागला नाही तर सावकाश वर जाऊन बर्फाच्या खालच्या पृष्ठाला टेकावे. तिथे जाकिटात थोडी हवा भरून शरीर वर रेटलेले राहील असे करावे, सुरीचे किंवा बर्फाच्या छोट्या स्क्रूचे टोक बर्फात खुपसून त्याला धरून राहावे, शरीर उभे ठेवावे आणि शांतपणे श्वास घेत वाट पाहावी. उभे राहण्याचे कारण पुढे येते.

वर टेंडरला दोर अचानक हलका लागतो. त्याच क्षणी तो किती मीटर दोर बाहेर होता आणि कोणत्या दिशेला होता हे मोठ्याने सांगतो, आणि राखीव पाणबुड्या पाण्यात शिरतो. त्याचा दोर पहिल्या पाणबुड्याच्या दोरापेक्षा बराच लांब, साधारण दीडपट ते दुप्पट असतो. समजा पहिल्याचा 30 मीटर दोर बाहेर होता, तर राखीव पाणबुड्याला 45 ते 60 मीटर दोर दिला जातो. तो तळाकडे जात नाही. बर्फाच्या अगदी खालून, हरवलेल्याच्या शेवटच्या दिशेच्या थोडा बाजूला, त्याच्या अंतरापलीकडे जातो आणि मग दोर ताणलेला ठेवून भोकाभोवती मोठ्या वर्तुळात फिरू लागतो. बैल दाव्याच्या लांबीवर खुंट्याभोवती फिरावा तसे. बर्फाच्या लगत फिरणारा तो ताणलेला दोर हरवलेल्या पाणबुड्याच्या अंगावर येऊन अडतो. तो उभा असेल तर दोर त्याच्या छातीला किंवा हाताला नक्की लागतो, आणि आडवा तरंगत असेल तर त्याच्या वरून किंवा खालून निसटून जाऊ शकतो. दोर हाती लागताच त्याने तो धरायचा आणि दोघे मिळून परतायचे.

या पद्धतीचे यश दोन गोष्टींवर टिकलेले आहे : हरवलेला हललेला नसणे आणि राखीव पाणबुड्या खरोखर तयार असणे. थंडी वाजते म्हणून गाडीत जाऊन बसलेला, हातमोजे काढून चहा घेणारा राखीव पाणबुड्या हा राखीव नसतोच. त्याला वाऱ्यापासून आडोसा द्यावा, गुंडाळून ठेवावे, दर थोड्या वेळाने बदलावे, पण भोकापासून दूर जाऊ देऊ नये.

प्रश्न : रेग्युलेटर ‘गोठतो’ म्हणजे काय होते? सिलिंडरमधल्या हवेत तर पाणी नसते.

रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब उतरवून ती श्वास घेण्याजोगी करणारे यंत्र. सिलिंडरमध्ये हवा साधारण 200 बार दाबाने भरलेली असते (1 बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीवरच्या हवेइतका दाब). रेग्युलेटरचा पहिला टप्पा हा दाब एकदम उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा सुमारे 10 बार अधिक इतका करतो. हवा अशी एकाएकी प्रसरण पावली की ती जोराने थंड होते. सायकलच्या नळीतून हवा सोडताना व्हॉल्व गार लागतो, त्याचेच हे फार मोठे रूप. भोवतालचे गोडे पाणी आधीच 0 ते 4 अंशांदरम्यान असते, त्यामुळे पहिल्या टप्प्याच्या धातूला लागलेले पाणी लगेच गोठते, बर्फ स्प्रिंग आणि पडद्याभोवती साचतो आणि झडप उघडी अडकते. मग हवा अखंड वाहू लागते. वाहती हवा आणखी थंडावा निर्माण करते, म्हणजे बिघाड स्वतःलाच वाढवत नेतो, आणि काही मिनिटांत सिलिंडर रिकामे होऊ शकते. दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे तोंडाजवळच्या भागात, उच्छ्वासातली वाफ गोठूनही असेच घडते. सिलिंडरमधल्या हवेत ओलावा राहिला असेल तर तोही हातभार लावतो, म्हणून थंड पाण्यासाठी हवा चांगली कोरडी करून भरावी लागते.

यावरचे उपाय बरेचसे शिस्तीचे आहेत. पहिला टप्पा पाणी आत जाऊ न देणारा, बंदिस्त प्रकारचा असावा. युरोपीय मानक ईएन 250 मध्ये 10 अंश सेल्सिअसखालचे पाणी थंड पाणी मानले जाते आणि त्यासाठी रेग्युलेटरची वेगळी चाचणी असते. ती चाचणी पार न केलेले यंत्र बर्फाखाली नेऊ नये. पाण्यात शिरण्याआधी, हवा उणे 10 किंवा 15 अंशांवर असताना, रेग्युलेटरमधून श्वास घेऊन पाहू नये आणि मोकळी हवा सोडणारे बटण दाबू नये. तपासणी उबदार जागी करावी किंवा तोंड पाण्याखाली गेल्यावर. ड्रायसूटमध्ये किंवा जाकिटात हवा भरताना लहान लहान झटक्यांनी भरावी, आणि ते करत असतानाच खोल श्वास ओढू नये, कारण एकाच वेळी दोन ठिकाणी हवा खेचल्याने प्रवाह वाढतो आणि थंडावाही. ड्रायसूटचा व्हॉल्व उघडा गोठला तर पोशाख फुगून पाणबुड्या वर उचलला जातो आणि बर्फाला चिकटून बसतो. पाय वर झाले तर हवा पायांत जमते आणि सरळ होणे फार कठीण जाते.

शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय म्हणजे दोन स्वतंत्र पहिले टप्पे, सिलिंडरच्या दोन वेगळ्या झडपांवर. एक उघडा अडकला तर दुसऱ्यावरून श्वास घ्यायचा, पहिल्याची झडप बंद करायची, खूण करायची आणि परतायचे. झडप स्वतःच्या हाताने, जाड हातमोज्यात, न पाहता बंद करता येते का, हे प्रत्येक पाणबुड्याने कोरड्या जमिनीवर आधी सिद्ध करून दाखवावे. यंत्र पुन्हा सुरळीत चालू लागले तरी त्या दिवशी ती बुडी संपलेली असते.

प्रश्न : पाणबुड्याला बर्फाखाली किती वेळ थांबता येते?

हिशेब करून पाहू. 12 लिटरचे सिलिंडर उबदार खोलीत 20 अंशांवर 200 बारपर्यंत भरले आणि ते 0 अंशाच्या पाण्यात नेले, तर नुसत्या थंडीने दाब सुमारे 186 बारवर उतरतो. एकही श्वास न घेता काटा खाली आलेला पाहून नवखे घाबरतात. म्हणजे हाती सुमारे 2230 लिटर हवा आली. बर्फाखाली तिचे तीन भाग करण्याचा नियम आहे : एक भाग जाण्यासाठी व शोधासाठी, एक परतण्यासाठी आणि एक संकटासाठी हात न लावता ठेवायचा. एक भाग म्हणजे सुमारे 740 लिटर. 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर घेणारा शांत माणूस तिथे 40 लिटर वापरतो आणि त्याला पहिला भाग साधारण 18 मिनिटे पुरतो. आता तोच माणूस गारठलेला आहे, गाळात चाचपडतो आहे, कोणाचा तरी जीव त्याच्या शोधावर अवलंबून आहे हे त्याला ठाऊक आहे. त्याचा वापर सहज दुप्पट होतो आणि 18 मिनिटांची 9 होतात.

म्हणून शोधाच्या बुड्या लहान ठेवतात, आणि पाणबुडे पाळीपाळीने उतरवतात. हवा शिल्लक असली तरी हात हा दुसरा काटा आहे. बोटे इतकी बधिर झाली की झडप फिरवता येणार नाही, तर बुडी तिथेच संपवायची. खोलवर दाबामुळे रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर येताना बाहेर पडावा लागतो, आणि थंडीत ही क्रिया मंदावते, त्यामुळे खोली आणि वेळेच्या तक्त्यातील मर्यादांच्या टोकापर्यंत जाऊ नये, आणि तलाव समुद्रसपाटीपासून 300 मीटरपेक्षा अधिक उंचीवर असेल तर तक्ते उंचीनुसार बदलून घ्यावेत.

प्रश्न : बर्फ किती जाड असला म्हणजे पथकाने त्यावर जावे? आणि भोक त्रिकोणी का कापतात?

एका माणसाने चालण्यासाठी निदान 10 सेंटिमीटर स्वच्छ, घट्ट, निळसर बर्फ लागतो असे सर्वत्र मानले जाते. पांढरा, हवेचे बुडबुडे असलेला किंवा बर्फवृष्टीचा थर भिजून पुन्हा गोठलेला बर्फ यापेक्षा सुमारे निम्म्या ताकदीचा असतो, म्हणून तिथे जाडी दुप्पट धरावी. पथक मात्र एकाच जागी जमते, साहित्य एकाच जागी ठेवते, आणि कापलेल्या भोकाभोवती बर्फ दुबळा झालेला असतो. त्यामुळे माणसांनी व सामानाने पसरून राहणे आणि जाताना जागोजागी भोके पाडून जाडी मोजत जाणे आवश्यक आहे. ज्या ठिकाणी एक माणूस नुकताच पडला, तिथला बर्फ वाईट आहे हे तर सिद्धच झालेले असते! म्हणून बर्फावर पाय ठेवणारा प्रत्येक जण, अगदी वही घेऊन उभा असलेला माणूससुद्धा, तरंगणारा पोशाख घालून आणि दोराला बांधूनच राहिला पाहिजे. मॅनिटोबा विद्यापीठातील संशोधक गॉर्डन गिसब्रेक्ट यांनी रूढ केलेला 1-10-1 हा आडाखा इथे लक्षात ठेवावा : गार पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात आणायला 1 मिनिट, हातपाय कामाचे राहतात अशी 10 मिनिटे, आणि गारठ्याने शुद्ध हरपण्याआधी सुमारे 1 तास.

त्रिकोणाला चौकोनापेक्षा एक काप कमी लागतो, आणि बाहेर येणाऱ्याला कोपऱ्यात दोन्ही कोपर दोन कडांवर टेकवून वर रेटता येते. साधारण दोन मीटरची बाजू असली की दोन पाणबुडे एकाच वेळी वर येऊ शकतात. वेळ असेल तर भोकापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या पट्ट्यांत हिम खरवडून बाजूला करतात आणि त्यावर भोकाकडे रोख असलेले बाण काढतात. त्या पट्ट्यांतून उजेड आत येतो आणि खालून त्या वाटेसारख्या चमकतात. जीव वाचवण्याच्या घाईत हे जमत नाही, पण दुसऱ्या दिवशी चालू राहणाऱ्या शोधात अवश्य करावे.

प्रश्न : अडकलेल्या पाणबुड्याला खालून बर्फ फोडता येणार नाही का?

नाही. वरून बर्फ फोडताना पाय जमिनीसारख्या पृष्ठावर असतात. खालून मारताना पाण्यात पाय रोवायला काहीच नसते, आणि प्रत्येक फटक्याने माणूस स्वतःच खाली ढकलला जातो. हवा तेवढी वाया जाते. पाण्याखाली राहता यावे म्हणून पाणबुड्या अंगावर जी वजने घेतो, ती बर्फाखाली पट्ट्यातून सहज सुटू नयेत अशी दुहेरी पक्की केलेली असतात, तीही या संदर्भात समजून घेण्याजोगी गोष्ट आहे : उघड्या पाण्यात वजने टाकणे जीव वाचवते, पण इथे ती पडली तर माणूस बर्फाच्या छताला चिकटतो आणि खाली येऊ शकत नाही.

प्रश्न : अंटार्क्टिकात शास्त्रज्ञ दोराशिवाय बर्फाखाली जातात असे वाचले. मग बचावपथकांना एवढी सक्ती कशासाठी?

आपण वाचले ते खरे आहे. मॅकमर्डो केंद्राजवळच्या समुद्रात पाणी उणे 1.8 अंशांवर असले तरी अत्यंत स्वच्छ असते, भोकातून दिवे आणि निशाणे लावलेला जाड दोर तळाकडे सोडलेला असतो, आणि तो लांबूनही दिसतो. जागा ओळखीची असते, काम ठरलेले असते, आणि बुडी कधी करायची हे पाणबुडे ठरवतात. बचावपथकाला यातले काहीच मिळत नाही : पाणी अनोळखी, रात्र असू शकते, तळाशी तारा आणि झाडे असू शकतात. तिथल्या पद्धतीचा दाखला देऊन दोर टाळू नये.

वाहत्या नदीविषयीही इथेच सांगतो. बर्फाखाली प्रवाह असेल तर दोर ताणला जातो, पाणबुड्या भोकापासून प्रवाहाच्या दिशेने ओढला जातो आणि त्याला प्रवाहाविरुद्ध ओढून आणताना तोच दोर त्याला बर्फावर दाबतो. प्रवाह जाणवण्याइतका असेल तर माझ्या मते बर्फाखाली माणूस उतरवूच नये. प्रवाहाच्या खालच्या बाजूला भोके पाडून कॅमेरा, सोनार (ध्वनिलहरींनी शोध घेणारे यंत्र) आणि लांब काठ्यांनी शोध घ्यावा. हा निर्णय सांगणाऱ्या प्रमुखाला लोकांचा संताप सहन करावा लागतो, आणि त्या वेळी पथकातल्या प्रत्येकाने त्याच्या मागे उभे राहावे.

प्रश्न : किती वेळापर्यंत जिवंत सापडण्याची आशा धरावी? माझ्या घरातील एका मुलाच्या बाबतीत शोध ‘बचाव’ राहिला नाही, असे एका तासानंतर सांगण्यात आले. ते योग्य होते का, हा प्रश्न मला सतावतो.

आपले पत्र वाचून मन जड झाले. त्या दिवशी पाण्याचे तापमान काय होते आणि पथकाने काय पाहिले, हे माहीत नसताना त्या निर्णयाविषयी मी काही बोलणे योग्य होणार नाही. पण असा निर्णय कशावर घेतला जातो ते सांगू शकतो.

2011 मध्ये मायकेल टिप्टन आणि फ्रँक गोल्डन यांनी बुडालेल्यांच्या नोंदी तपासून एक निकष मांडला. पाणी 6 अंशांपेक्षा उबदार असेल आणि माणूस 30 मिनिटांहून अधिक काळ पूर्ण बुडालेला असेल, तर तो वाचण्याची शक्यता अत्यंत कमी असते. पाणी 6 अंश किंवा त्याहून थंड असेल तर हीच मर्यादा 90 मिनिटांची धरावी. अनेक पथके 60 मिनिटांची मर्यादा पाळतात आणि बर्फाळ पाण्यात, विशेषतः मुलांच्या बाबतीत, ती वाढवतात. मुलांचे शरीर लहान असल्यामुळे ते लवकर थंड होते, आणि मेंदू प्राणवायू संपण्याआधी पुरेसा थंड झाला तर त्याची गरजच घटते. 1986 मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात अडीच वर्षांची एक मुलगी थंड ओढ्यात 66 मिनिटे पाण्याखाली राहून वाचली. 1999 मध्ये नॉर्वेत नार्विकजवळ एक डॉक्टर ओढ्यावरच्या बर्फाखाली सुमारे 80 मिनिटे अडकली आणि शरीराचे तापमान 13.7 अंशांपर्यंत उतरूनही वाचली, मात्र तिला सुरुवातीचा बराच वेळ बर्फाखालच्या हवेच्या पोकळीतून श्वास घेता आला होता. ही उदाहरणे खरी आहेत आणि अतिशय विरळ आहेत, ही दोन्ही वाक्ये सारख्याच जोराने सांगायला हवीत.

शोध ‘बचाव’ राहिला नाही असे ठरल्यावर शोध थांबत नाही. फक्त पाणबुड्यांनी पत्करायचा धोका बदलतो. जिवंत माणसासाठी जे धाडस योग्य ठरते ते मृतदेहासाठी योग्य ठरत नाही, आणि ही रेषा आखणे हे त्या प्रमुखाच्या कामातले सर्वांत जड काम असते. आपल्या मुलासाठी त्यानंतरही कोणीतरी पाण्यात उतरले असेल, हे मी खात्रीने मानतो.

एखादी व्यक्ती मर्यादेच्या आत बाहेर काढली गेली तर तिला आडवेच ठेवून, झटके न देता हलवावे, कारण 28 अंशांखाली गेलेले हृदय थोड्या धक्क्यानेही बेताल होऊ शकते. श्वास नसेल तर आधी तोंडावाटे श्वास द्यावेत, मग छाती दाबणे सुरू करावे आणि रुग्णालयात शरीर उबदार होईपर्यंत ते चालू ठेवावे. केवळ अंग गार आणि कडक लागते म्हणून मृत ठरवू नये.

प्रश्न : काम संपल्यावर त्या भोकाचे काय करतात?

कापलेला बर्फाचा ठोकळा शक्य असेल तर परत भोकात बसवावा, म्हणजे कडा लवकर जुळून गोठतात. नंतर भोकाच्या चारी बाजूंना काठ्या रोवून त्यांना ठळक रंगाची फीत बांधावी, आणि स्थानिक प्रशासनाला जागा कळवावी. एका रात्रीत त्यावर पातळ पापुद्रा धरतो आणि थोडे हिम पडले की ते भोक आजूबाजूच्या बर्फापासून ओळखू येत नाही. खुणेच्या काठ्या किमान तो पापुद्रा भोवतालच्या बर्फाइतका जाड होईपर्यंत तिथे राहतील आणि वाऱ्याने पडणार नाहीत अशा रोवाव्यात, आणि पथकातल्या एकाने दोन-तीन दिवसांनी जाऊन त्या पाहून याव्यात.